सूनबाईच्या आजीचा स्वीट पोटॅटो पाय: पुण्याच्या पांढऱ्या रताळ्यांचा जमेल का?

सहकारनगरची आई

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण मनापासून विचारते आहे.

आमची सून नॉर्थ कॅरोलायनाची, आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबातली. मुलगा आणि ती जुलैत पुण्याला राहायला आले. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांच्याकडे थँक्सगिव्हिंगचा सण असतो. तिच्या माहेरी त्या दिवशी बाकी काही असो-नसो, रताळ्याचा पाय, म्हणजे मैद्याच्या पारीत रताळ्याचं गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, असतोच. तो आजी करायच्या. आता आजी नाहीत, तर तिची आई करते. यंदा पहिल्यांदाच ती त्या दिवशी घरापासून इतकी लांब असणार. ती स्वतः एका शब्दाने काही बोललेली नाही. मुलगा म्हणाला की आजीच्या हातचं कार्ड तिने इथे येताना पासपोर्टच्या पाकिटात घालून आणलं आणि हल्ली ते काढून वाचत असते.

मला तिच्याबरोबर तो करायचा आहे. पण आमच्या घरात आजवर केक आणि नानकटाईच्या पलीकडे ओटीजीत काही झालेलं नाही, त्यामुळे सामानाची आणि कृतीची बाजू आधी पक्की करून मग तिच्यासमोर विषय काढावा म्हणते.

कार्डाचा फोटो मुलाने मला पाठवला. त्यावर एवढंच आहे: तीन चांगली मोठी रताळी, बटरची एक स्टिक, एक कप साखर, दोन अंडी, अर्धा डबा इव्हॅपोरेटेड मिल्क, व्हॅनिला, थोडा लेमन एक्स्ट्रॅक्ट, चिमूटभर मीठ आणि जायफळ ‘वास येईपर्यंत’. खाली लिहिलंय, ‘मधला भाग डचमळायचा थांबेपर्यंत भाजा.’ पारीबद्दल एक अक्षर नाही. घरात सगळ्या बायकांना ती येतच असणार, लिहायचं काय?

तर माझ्या अडचणी. तिकडची रताळी आतून केशरी असतात आणि शिजल्यावर अगदी मऊ, ओलसर होतात असं सून सांगते. आपली लाल सालीची, आतून पांढरट आणि पिठूळ. त्याने चव साफ बदलेल का? इव्हॅपोरेटेड मिल्क म्हणजे आपलं कंडेन्स्ड मिल्क का? मी शोधलं तर दुकानदाराने मिल्कमेडचाच डबा पुढे केला. पारीला मैदा किती, मोहन किती? आणि रताळी कुकरला लावू की उकडू?

ओटीजी २८ लिटरचा आहे. वर आणि खाली दोन्ही कॉइल चालतात.

मंडईतला गाळा

काकू, रताळ्यांचं मी सांगतो, पुढचं जाणकार सांगतील. आमचा कांदा-बटाटा-रताळ्याचाच धंदा आहे.

पुण्यात रताळ्याचा माल मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातून, करमाळ्याच्या बाजूने येतो आणि कर्नाटकातून बेळगावच्या बाजूने. आषाढी आणि महाशिवरात्रीला मार्केट यार्डात ढीग लागतात, कारण सगळ्या गावाला उपासाचं रताळं एकाच दिवशी हवं असतं. नोव्हेंबरात कार्तिकी एकादशीच्या आगेमागेही चांगला माल असतो. तुमची तारीख त्याच्यानंतर येते, तेव्हा माल मिळण्याची काळजी नको.

निवडताना फार जाड घेऊ नका. जाड रताळ्यात दोरे जास्त. मनगटापेक्षा बारीक, दोन्ही टोकांना निमुळतं, सालीला तजेला असलेलं घ्या. सालीवर बारीक काळी भोकं दिसली तर ते बाजूला टाका, तो सोंड्या भुंगा असतो. किडका भाग कापून उरलेलं वापरू असं करू नका. कडूपणा आणि वास पूर्ण रताळ्यात उतरलेला असतो आणि सगळा घाणा फुकट जातो.

महत्त्वाचं म्हणजे पाय करायच्या आदल्या दिवशी घेऊ नका. ताजं खणलेलं रताळं कमी गोड असतं. दहा-पंधरा दिवस आधी घ्या, न धुता, मातीसकट, टोपलीत मोकळं पसरून उबदार कोरड्या जागी ठेवा. अमेरिकेत तर काढणीनंतर रताळी मुद्दाम २९-३० अंशांच्या दमट खोलीत चार-सात दिवस ठेवतात आणि मगच गोदामात नेतात. त्याने खरचटलेली साल भरून येते आणि पुढे साठवणीत गोडी वाढत जाते. आणि फ्रिजमध्ये तर अजिबात ठेवू नका. थंडी लागलेलं रताळं कितीही शिजवलं तरी मध्ये टणक राहतं. गिऱ्हाइकं तेच करतात आणि मग आमचा माल वाईट म्हणतात.

घारगे आणि बरंच काही

किती छान वाटलं वाचून! माझी एक सूचना आहे. रंगासाठी निम्मा लाल भोपळा घाला, म्हणजे केशरी दिसेल. साखरेऐवजी गूळ आणि जायफळाबरोबर वेलची घातली तर आपल्या घारग्यांसारखी चव येईल, घरातल्या सगळ्यांना आवडेल. दूध म्हणून मिल्कमेडच घाला, आटवत बसायला नको.

रॅलेहून कर्वेनगर

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. आम्ही बरीच वर्षं रॅलेला होतो, म्हणजे तुमच्या सुनेच्याच राज्यात. अमेरिकेत सगळ्यात जास्त रताळी पिकतात ती तिथेच. शेजारच्या बाई चर्चच्या जेवणासाठी एका वेळी आठ-दहा पाय करायच्या आणि सोलायला-गाळायला मला हाक मारायच्या. इथे जे लिहिते आहे ते त्यांच्या ओट्याशी शिकलेलं आणि मग कर्वेनगरच्या ओटीजीत, इथल्या रताळ्यांवर बसवलेलं आहे.

आधी वरच्या सूचनेबद्दल. घारगेताई, तुमच्या प्रेमाबद्दल शंका नाही आणि भोपळ्याचे घारगे मलाही जीव की प्राण आहेत. पण इथे भोपळा, गूळ, वेलची यांपैकी काहीही नको. भोपळ्याचा पाय हा तिकडे वेगळा पदार्थ आहे, तो उत्तरेकडच्या, न्यू इंग्लंडकडच्या घरांचा. दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय कुटुंबांत त्या दिवशी पाय असतो तो रताळ्याचा, आणि त्याच्यामागे मोठी गोष्ट आहे. त्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले, त्यांना मिळणाऱ्या शिध्यात रताळी असायची, ती चुलीच्या राखेत भाजून खायचे. पाय व्हायचे ते मालकाच्या घरच्या भट्टीत, आणि करणारे हात याच बायकांचे. ॲबी फिशर नावाच्या बाई गुलामीत जन्मल्या, पुढे सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन लोणची-मुरंब्यांचा व्यवसाय केला आणि १८८१ साली त्यांचं पाककृतींचं पुस्तक निघालं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळं तोंडी सांगून लिहवून घेतलं. त्यात रताळ्याचा पाय आहे. सुनेकडचं कार्ड त्याच परंपरेतलं आहे. घरातल्या सगळ्यांना आवडावा म्हणून आपण त्यात वेलची-गूळ घातला तर एक चांगली गोड वडी होईल, पण तिच्या आजीचा पाय होणार नाही. घारगे दुसऱ्या दिवशी करा, सूनबाई आनंदाने खाईल.

रंग केशरी येणार नाही हे मात्र आत्ताच मान्य करून टाका. केशरी रंग बीटा-कॅरोटीनचा, तो आपल्या पांढऱ्या जातींत नाही. आपल्याकडे केशरी गराच्या जाती आहेत, तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने ‘श्री कनका’, ‘भू सोना’ काढलेल्या आहेत. मोठ्या सुपरमार्केटांत अधूनमधून केशरी रताळी दिसतात. मिळाली तर जरूर घ्या, पण त्यांच्या मागे धावू नका. पांढऱ्या रताळ्याचा पाय फिक्या बदामी रंगाचा होतो आणि चवीला कुठेही कमी नसतो. खाण्याचा रंग तर मुळीच घालू नका.

पिठूळपणावर उपाय आहे, आणि तो शिजवण्याच्या पद्धतीत आहे. कुकरला लावू नका. रताळ्यात एक विकर असतं, ते पिष्टमयाची माल्टोज साखर करतं. साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्याचं काम जोरात चालतं. कुकरमध्ये रताळं हा टप्पा काही मिनिटांत ओलांडतं, वर पाणीही पितं, म्हणून ते फिकं आणि पाणचट लागतं. ओटीजीत सावकाश भाजलं की आतली उष्णता हळूहळू चढते आणि गोडी मुरायला वेळ मिळतो. आठशे ग्रॅम रताळी धुऊन, पुसून, काट्याने टोचून, सालीसकट १८० अंशांवर सव्वा तास ठेवा. खाली ताटली ठेवायला विसरू नका, चिकट पाक गळतो आणि कॉइलवर पडला तर घरभर धूर होतो. सुरी न अडता आरपार गेली आणि साल सुटून सुरकुतली की झालं.

गरम असतानाच सोला. आणि आता आपल्या घरातलं असं एक हत्यार काढा जे माझ्या शेजारच्या बाईंकडेही नव्हतं: पुरणयंत्र. बारीक जाळी लावा आणि सगळा गर त्यातून काढा. आपल्या रताळ्यांत दोरे तिकडच्यापेक्षा जास्त असतात, ते सगळे वर राहतात. मिक्सर नको. पांढरं रताळं मिक्सरमध्ये फिरवलं की चिकट होतं. मी इथून पुरणयंत्र त्या बाईंसाठी नेलं होतं, त्यांनी ते शेवटपर्यंत वापरलं.

गाळलेला गर मोजून पाचशे ग्रॅम घ्या. त्यात गरम असतानाच बटर. तिकडची एक स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम. आपल्याकडचं शंभराचं पाकीट आणि वर एक मोठा चमचा असा हिशेब करा. बटर खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका. मग साखर. त्यांचा कप २४० मिलीचा, साखर भरली की २०० ग्रॅम होते. पण तुमची रताळी टोपलीत मुरलेली आणि भाजलेली असतील तर आधी १७० घाला, चव बघा आणि मग ठरवा. चव बघायची ती अंडी घालायच्या आधी.

दुधाचं. इव्हॅपोरेटेड मिल्क आणि कंडेन्स्ड मिल्क एक नव्हे. पहिलं नुसतं आटवलेलं, बिनसाखरेचं, पाणी सुमारे साठ टक्के उडवलेलं. दुसऱ्यात चाळीस टक्क्यांहून जास्त साखर असते. कंडेन्स्ड घातलंत तर साखरेचा हिशेब कोसळतो आणि रताळ्याची स्वतःची चव त्याखाली दबते. आपल्याला तर दूध आटवायला शिकवावं लागत नाही. अर्धा लिटर फुल क्रीम दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सव्वादोनशे मिली होईतो आटवा. कडेची साय आत ढवळत राहा, रंग पांढराच राहू द्या, लालसर होता कामा नये, नाहीतर बासुंदीचा वास येतो. गार करून गाळा. त्यांचा डबा ३५४ मिलीचा, म्हणून अर्धा डबा १८० मिली धरा. आपली रताळी कोरडी असल्याने त्याहून दोन-चार चमचे जास्त लागू शकतं, उरलेलं दूध त्यासाठी हाताशी ठेवा. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा किंचित सैल हवं.

आता लेमन एक्स्ट्रॅक्ट. आपल्या कागदी लिंबाची साल किसली की कडवट होते, ती नको. नोव्हेंबरात नागपूरची संत्री मंडईत येतात. एका संत्र्याची वरची केशरी साल बारीक किसणीवर किसा, पांढरा भाग येऊ देऊ नका, आणि रस एक मोठा चमचा घाला. ही माझ्या पदरची जोड नाही. ॲबी फिशरबाईंच्या कृतीत संत्र्याचा रस आणि अर्ध्या संत्र्याची किसलेली सालच आहे. तरी सुनेला आधी विचारा. तिला लिंबाचाच गंध हवा असेल तर बेकिंगच्या सामानाच्या दुकानात लेमन इसेन्स मिळतं, रविवार पेठेत बोहरी आळीकडे बघा. त्याचे तीन-चार थेंब पुरतात.

जायफळ ताजं किसा, तयार पूड नको. पुरणाला घालतो त्यापेक्षा बरंच जास्त लागतं, अर्धा ते पाऊण चहाचा चमचा. दालचिनी कार्डावर नाही, मग घालू नका, इंटरनेटवरच्या दहा कृतींत दिसली तरी. ‘वास येईपर्यंत’ म्हणजे किती हे ठरवायला सुनेलाच बोलवा. तुम्ही किसत जा, तिला वास घ्यायला सांगा. ती थांबा म्हणेल तिथे थांबा.

अंडी शेवटी, खोलीच्या तापमानाची, हलकी फेटून. मिश्रण कोमट असायला हवं, गरम असेल तर अंड्याच्या गाठी होतात.

पारी. आपल्याला इथे जरा हात आवरावा लागतो, कारण आपला हात तिंबायला सरावलेला. १७० ग्रॅम मैदा, पाव चमचा मीठ, फ्रिजमधून आत्ता काढलेलं ८५ ग्रॅम बटर आणि फ्रीझरमध्ये घट्ट केलेलं ३० ग्रॅम तूप. जुन्या पिढीत तिकडे डुकराची चरबी किंवा डालडासारखं शॉर्टनिंग वापरायचे. त्यात पाणी नसतं म्हणून पारी खुसखुशीत होते, आणि तुपातही पाणी नसतं, म्हणून ते तिची जागा घेतं. बटरचे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी दाबा, वाटाण्याएवढे राहिले की थांबा. बर्फाचं पाणी तीन-चार मोठे चमचे, एकेक करून. गोळा जेमतेम जमला की पिशवीत गुंडाळून तासभर फ्रिजमध्ये. मळायचं नाही. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि भाजताना पारी आक्रसून डब्याच्या कडेवरून खाली सरकते.

नऊ इंची तिरक्या काठाचा धातूचा डबा घ्या. ओटीजीत काचेच्या भांड्यापेक्षा धातूचा बरा, तळ लवकर तापतो. पारी लाटून बसवा, पुन्हा वीस मिनिटं फ्रिजमध्ये. मग वर बटर पेपर, त्यावर राजमा किंवा हरभरे भरून १९० अंशांवर १५ मिनिटं, कडधान्य काढून आणखी आठ-दहा मिनिटं. हे टाळू नका. सारण ओलं असतं, कच्च्या पारीवर ओतलं तर तळ शेवटपर्यंत गिच्चा राहतो. (ते हरभरे नंतर शिजत नाहीत, बरणीत ठेवून पुढच्या वेळी वापरा.)

सारण भरून खालच्या रॅकवर १७५ अंशांना ५० ते ६० मिनिटं. वरचा रंग लवकर चढला तर वरची कॉइल बंद करा. कडा किंचित फुगतात, आणि डबा हलवला तर फक्त मधला दोन-तीन बोटांचा भाग थरथरतो, तेव्हा बाहेर काढा. आजींनी लिहिलेलं डचमळणं थांबलेलं असतं, थरथर राहते, ती बाहेर आल्यावर आतल्या उष्णतेने बसते. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ८० अंश. ८५च्या पुढे गेलं की अंडं आवळतं आणि वर भेग पडते. जाळीवर निदान तीन तास निवू द्या. गरम कापू नका, कितीही मोह झाला तरी.

आणि अगदी पुण्याचं एक. सण गुरुवारी आहे. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, काही भागांत पाणीही नसतं. सगळं भाजणं बुधवारी उरकून घ्या. हा पाय दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला लागतो, त्यामुळे तोटा काहीच नाही. पूर्ण निवला की झाकून फ्रिजमध्ये, आणि खायच्या तासभर आधी बाहेर.

सहकारनगरची आई

ताई, काय बोलू? दोनदा वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं. मंडईच्या दादांचेही आभार, रताळी उद्याच आणते.

तुमचं वाचून मी थांबले नाही, सुनेशी बोलले. कार्ड तिने स्वतः आणून माझ्या हातात दिलं. पारीला तिच्या आजी चरबीच वापरायच्या, पण तुपाचं ऐकून म्हणाली, करून बघू, चालेल. दालचिनीचं विचारलं तर मान हलवली, आजीने कधीच घातली नाही, फक्त जायफळ. लिंबाचं तिलाही नक्की आठवेना, म्हणून तिने आईला फोन लावला. आई म्हणाल्या की आजी अर्काची बाटली संपलेली असली की संत्रंच किसायच्या! तेव्हा संत्रं ठरलं. वरून फेटलेलं क्रीम घालायचं का, तर तेही नको, त्यांच्याकडे नुसताच खातात.

आता एकच राहिलं. माझ्या सासूबाई, वय ८६, अंडं खात नाहीत. सुनेची फार इच्छा आहे की आजेसासूबाईंनी तो खावा. त्यांच्यासाठी बिनअंड्याचा करता येईल का? वेगळा आख्खा पाय करायला मला त्या दिवशी जमेलसं वाटत नाही.

घारगे आणि बरंच काही

रॅलेताई, पटलं. भोपळ्याची सूचना मी मागे घेते. ॲबी फिशर यांच्याबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं, आज कळलं.

अंड्याबद्दल: माझ्याकडे बिनअंड्याच्या कस्टर्डला कॉर्नफ्लोअर चालतं. इथे चालेल का हे ताईच सांगतील.

रॅलेहून कर्वेनगर

संत्र्याचं वाचून फार बरं वाटलं. आणि सुनेच्या आईंना फोन गेला हे सगळ्यात उत्तम झालं.

कॉर्नफ्लोअर चालेल. वेगळा पाय नको. सारणात अंडी घालायच्या आधी एक चतुर्थांश मिश्रण बाजूला काढा. त्यात दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार आटीव दुधात कालवून घाला. पारीच्या कडा कापताना उरलेला मैद्याचा तुकडा गोळा करून लाटा आणि स्टीलच्या दोन वाट्यांत बसवा. त्याही रिकाम्या भाजून घ्या, मग भरा. वाट्यांना १७५ अंशांवर अर्धा तास पुरतो. फक्त इथे थरथर बघायची नाही. कॉर्नफ्लोअर घट्ट व्हायला जवळजवळ उकळी लागते, म्हणून कडेने बुडबुडे आलेले दिसले पाहिजेत. चाकू, चमचा, भांडं अंड्याच्या मिश्रणाला लागायच्या आधीच हे सगळं उरकून घ्या, आणि सासूबाईंना ते तसं सांगा. त्यांच्या वयाच्या माणसाला खात्री असली की घास गोड लागतो. उरलेलं तीन चतुर्थांश मिश्रण आणि दोन्ही अंडी नऊ इंची डब्यात नीट मावतात. दोन अंडी थोडी जास्त वाटतील, पण आपल्या पिठूळ रताळ्याला ती उपयोगीच पडतात.

सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत म्हणून आणखी एक, वाटीतलं फ्रिजचं थंड देऊ नका. कोमट छान लागतं. मधुमेह असेल तर अर्धी वाटीच.

फोनची वेळ ठरवताना लक्षात ठेवा, नोव्हेंबरच्या अखेरीस नॉर्थ कॅरोलायना आपल्या साडेदहा तास मागे असतं. त्यांच्याकडे दुपारी एकला जेवायला बसतात तेव्हा आपल्याकडे गुरुवारचे रात्रीचे साडेअकरा. सासूबाईंना तोवर जागायला लावू नका, त्यांचं संध्याकाळीच होऊ द्या. सुनेचा आणि मुलाचा पाय मात्र न कापता ठेवा. ती तो आईसमोर, स्क्रीनवर दिसेल असा कापेल.

मंडईतला गाळा

काकू, उद्या येणार असाल तर सकाळी दहाच्या आत या. मधल्या आकाराची, बिनभोकाची दीड किलो वेगळी काढून ठेवतो. आठशे ग्रॅम पायला आणि बाकीची घारग्यांना.